दातांनी तोडलेला धागा

ता. ३

चि. बडबडी हिस अ. उ. आशीर्वाद.

तू शाळेत होतीस तेव्हा एका सकाळी मी दुधावर एक डोळा ठेवून केर काढत होते, तुझे बाबा शिलाई मशीनला तेल देत होते आणि तू आरशापुढे तोंड वासून रडत होतीस. आदल्या दिवशी तुझ्या दातांची तार आवळली होती. रडून दात सरळ होत नाहीत, भूक मात्र लागते, असं म्हणत त्यांनी केळं कुस्करून तुझ्यापुढे ठेवलं. आज हे आठवलं, कारण आरशापुढे तोंड वासून मीच उभी होते.

शेजारीण विचारते, या वयात तारा लावून नवरी व्हायचंय का. तिला काय सांगू? दात एकमेकांवर घासून झिजलेत, घास चावला जात नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बसवायला लावल्या. पण असे ठणकतात की जीभ लागली तरी जीव जातो. त्यात काल शिवताना सवयीने दातांनी धागा तोडला आणि तार धरायला एका दातावर चिकटवलेला तुकडा सुटून तारेवर लोंबायला लागला. दवाखान्याचं माहितीपत्रक अक्षर अक्षर जुळवून वाचलं. नखं, पेन्सिल, बर्फ चावू नये, सगळं आहे. धाग्याचं कुठेच नाही. शिंपिणीलाही तारा बसतात हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

खरं सांगू? तुझे बाबा असते तर निभावलं असतं. एकटीच्या ताटासाठी एवढं दुखणं कशाला? पुढच्या वेळी गेले की सगळं काढूनच टाकायला सांगणार आहे.

लोभ आहेच, पत्र पाठवून तो वाढव.
तुझी आई

ता. ७

ती. आईस सा. न. वि. वि.

छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता लिहितेय. माझ्याच चुका राहिल्या तर पोटात घाल.

मला तेव्हा तार काढू दिली नाहीस आणि आता स्वतः पळ काढतेस होय? ऐक. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. गालाला बाहेरून गार फडकं लाव. तार बोचते तिथे दवाखान्यातून दिलेलं मेण लाव. सुटलेला तुकडा ओढू नकोस, फोन करून विचार. गोळीही त्यांना विचारूनच घे. मऊ खा, मऊ ब्रश वापर. चार-पाच दिवसांत ठणका बसतो, माझा बसला होता. आणि मशीनला दोरीने छोटी कात्री बांध, बाई!

एकटीचं ताट म्हणतेस. बाबा गेल्यापासून तू ओट्याशी उभ्यानेच चहात पाव बुडवून जेवण उरकतेस, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. तू देखणी दिसावीस म्हणून मी मागे लागलेली नाही. मला म्हातारी झालेली, नीट चावून जेवणारी आई हवी आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझीच बडबडी

ता. १२

चि. बडबडी हिस अ. उ. आशीर्वाद.

छापखान्याने तुला हुकूम सोडायलाही शिकवलेलं दिसतं. सगळं केलं. फोनवर डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या मेण लावून ठेवा, पुढच्या भेटीत बघू. ठणका ओसरलाय. कात्री बांधली, तरी धागा तोंडाकडे जातोच. मग मीच स्वतःला दटावते.

काल टेबलाशी बसून जेवले. मऊ भात, उकडलेला बटाटा. समोरची खुर्ची रिकामी. ती दिसू नये म्हणूनच उभ्याने खात होते, तू बरोबर ओळखलंस. ती रिकामीच राहणार. पण हळूहळू चावताना भात गोड लागला, आणि डोळे भरले तरी मी उठले नाही.

उद्या बोलावलंय. तार आवळली की परत ठणकणार, त्याची धास्ती आहे. तारा काढा म्हणायचं की आवळा म्हणायचं, ते अजून ठरत नाही.

प्रकृतीला जप, आणि म्हातारीवर असाच डोळा असू दे.
तुझी आई

ता. क. पाकिटाला तिकीट नव्हतं, म्हणून पत्र घरीच राहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, सुटलेला तुकडा पुन्हा चिकटवून घेतला आणि तार आवळून घेतली.