विहारात वाटलेले पेढे

सणसवाडी

आबांस दीक्षाचा जय भीम.

मी इथं खुशाल हाय, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा हाय? फोन केला की राजश्रीताई तुमच्या शेजारीच असती, म्हणून पत्र लिहिते.

मागच्या रविवारी आमच्या कंपनीच्या पोरींच्या रूमवर कॉलेजच्या मॅडम बुद्धीची परीक्षा घ्यायला आल्या व्हत्या. चाळीस पोरींत माझा पहिला नंबर आला, असं मला बाजूला घेऊन म्हणाल्या. मी फोनवर सांगितल्यावर तुम्ही विहारात पेढे वाटले आन् ताईचं तोंड उतरलं, हे ऐकून मला लई बरं वाटलं. तिचीच मार्कशीट भिंतीवर बघत वाढले मी.

काल मॅडम परत आल्या. नंबर खोटाच व्हता. निम्म्या पोरींना पहिली म्हणून सांगितलं, निम्म्यांना शेवटची. मग माणूस कसं वागतं ते त्यांना बघायचं व्हतं. माफी मागून म्हणाल्या, "तुला नको असेल तर तुझी माहिती काढून टाकतो."

मी म्हणले, "आबांनी वाटलेले पेढे कसे काढणार?"

त्यांनी तेबी वहीत लिहून घेतलं.

आबा, तुम्हाला अंधारात ठेवायचं न्हाई म्हणून कळवलं. ताई पुनवेला सासरी जाईल, तवर तिला मातर सांगू नका. तेवढे दिवस जळू द्या तिला.

तुमची, एकदाच पहिली आलेली,
दीक्षा