मोठ्यांनी तोंडावर बोट ठेवावं

५ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. त्यातले निम्मे तुला, निम्मे माझ्या नातीला. वाटून घ्या, भांडू नका.

भिंगरी पोचल्याचं फोनवर कळलं. पण फोनवर तू नुसती हसतेस आणि मी नुसती बोलते, कोणाचं कोणाला काही कळत नाही. म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी बसवलेला नवा गुडघा माझ्यापेक्षा फारच तरुण आहे आणि अजिबात माझं ऐकत नाही. तो वठणीवर येईपर्यंत पोरीला तुझ्याकडे पाठवणं भाग पडलं. नाहीतर तिचे आईवडील परदेशातली नोकरी संपवून परत येईस्तोवर मी तिला नजरेआड केलं नसतं, हे तूही जाणतेस.

आता नीट वाच. ती हाका मारून उठत नाही, पांघरूण ओढावं लागतं. दूध कोमट हवं आणि वर साय आली तर गाळून. शर्टाची बटणं मी लावते. बुटांच्या नाड्याही मीच बांधते, कारण ती स्वतः बांधायला बसली तर शाळा सुटायची वेळ होते. दप्तर आदल्या रात्री भरून ठेव. ती नऊ वर्षांची आहे हे मला माहीत आहे, तू आठवण करून देऊ नकोस. माझी लेक म्हणते, नाव भिंगरी ठेवलंय पण ढकलल्याशिवाय फिरत नाही. मी म्हणते, ढकलायला मी आहे की.

सहामाही संपली की येते आणि तिला घेऊन जाते. तू शाळेत तिची मुख्याध्यापिका असशील, पण घरी मावशीआजी आहेस. हा फरक तुला जमावा. लहानपणी तू बाहुलीलासुद्धा पाढे म्हणायला लावायचीस, म्हणून सांगते.

जीव तुमच्यापाशी आणि गुडघा इथे, अशी
तुझी ताई


१९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. मी शाळेच्या खुर्चीत बसले आहे आणि समोर शिपाई उभा आहे.

भिंगरी खुशाल आहे. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं आणि मग कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी शर्टाचं एक टोक मांडीवर आणि दुसरं बेंबीवर अशा थाटात ती शाळेत आली. वर्गातली एक मुलगी म्हणाली, अगं तू वाकडी दिसतेस. तशी ही कोपऱ्यात गेली आणि पहिल्यापासून सगळी बटणं लावून आली. मी काही बोलले नाही. गप्प बसून जीभ दुखते हे मला या वयात कळलं.

आता शाळेची मजा. आमची मुलं प्रत्येक गोष्ट विचारून करतात. बाई, समास सोडू का. बाई, पान उलटू का. गेल्या वर्षी एक जण मला विचारायला आली की शिंक येतेय, देऊ का. मी म्हटलं, ही पुढे आयुष्य कोणाला विचारून जगणार? म्हणून यंदा चौथीचा शेवटचा तास उलटा केलाय. मुलांनी काम करायचं आणि मोठ्यांनी भिंतीशी बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट. जो मोठा माणूस बोलेल त्याला मुलं वर्गाबाहेर उभं करणार. पहिल्या दिवशी मराठीच्या बाई अर्धा तास बाहेर होत्या. खेळाचे सर तर शिट्टी वाजवली म्हणून गेले. शिट्टी म्हणजे बोलणं नव्हे, असा त्यांचा दावा होता. मुलांनी फेटाळला.

सुरुवातीला मुलं नुसती आमच्याकडे बघत बसायची, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. मग शेजारची बेकरीवाली गाव सोडून निघाली आणि तिच्या कोंबड्या कोणी घेता का म्हणून विचारायला आली. मला विचारायच्या आधीच चौथीने हो म्हणून टाकलं. आता मोडक्या बाकांच्या फळ्यांचं खुराडं बांधणं चालू आहे. तुझी भिंगरी रोज बाजूला बसते आणि कोणी काम देईल याची वाट बघते. कोणी देत नाही.

तुला हे आवडणार नाही हे ओळखून, तरीही माया पातळ करू नकोस असं म्हणणारी,
धाकटी


२८ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. यावेळी सगळे नातीला. तुला पुढच्या पत्रात, वागणं बघून.

बाजूला बसते आणि कोणी काम देत नाही, हे वाक्य तुझ्या हातून लिहवलं तरी कसं? पोर तिथे एकटी बसली आहे आणि तुम्ही सगळ्या शिकल्यासवरल्या बायका तोंडावर बोट ठेवून बघताय. मला तर रात्री तिचा तो पडलेला चेहरा दिसतो.

आपण दोघी कॉन्व्हेंटात शिकलो. आठव जरा. सिस्टर वर्गात आल्या की बाकांचा एकच आवाज व्हायचा, चाळीस मुलींचा मिळून एक. पॉलिश केलेल्या बुटांत खिडकी दिसायची. पाणी प्यायलासुद्धा हात वर करायचा. शिवणाच्या तासाला मी रुमालाला टीप घालता घालता तो माझ्या स्कर्टला शिवून टाकला होता. बोलायची परवानगी नव्हती म्हणून तास संपेपर्यंत मी तशीच बसले, घरी रुमाल लोंबकळवत आले आणि आईने कात्रीने सोडवलं. तू रस्ताभर हसत होतीस. पण शिस्त होती ना? त्या चॅपेलच्या मेणाचा वास अजून कधीतरी येतो, आणि मला रडू येतं.

तर ते असो. मी परतीची तिकिटं काढली आहेत, दोन. एक माझं, एक भिंगरीचं. सत्र संपायच्या आठवड्यात येते. तिला सांग, आजी न्यायला येतेय.

रागात असूनही तुझीच,
ताई


२० ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. रुमालाची गोष्ट मी शिक्षकांच्या बैठकीत सांगितली. रागावू नकोस. मला जे तासभर समजावून सांगता आलं नसतं ते त्यांना त्या स्कर्टने समजलं.

तिकिटांचं भिंगरीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि मला विचारलं की घरात मोजायची टेप आहे का. कारण एक दिवस कोणी काही देत नाही म्हटल्यावर ती आपणहून उठली आणि जमिनीवर लोळणारी टेप उचलली. तेव्हापासून टेप तिच्या गळ्यात असते, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तशी. ती सगळ्यांना दटावते, मोजल्याशिवाय ठोकू नका. काल जेवताना माझ्या पोळीचा व्यास घेतला.

आता एक गंमत सांगते, पण कोणाला बोलू नकोस. खुराडं मस्त झालंय, ऐसपैस. आत तीन कोंबड्या राहतील, शिवाय पाहुण्याही येतील. पण ते वर्गात बांधलंय आणि वर्गाच्या दारातून ते बाहेर जाणार नाही. आमच्या त्या दारातून खेळाचे सर तिरके होऊन आत येतात. हे आम्हा मोठ्यांना केव्हाच दिसलं. मुलांना दिसलं नाही, ती आतली मापं घेण्यात गुंग आहेत. आणि आम्ही भिंतीशी ओळीने बसून तोंडावर बोट दाबून धरतो. मराठीच्या बाईंचे खांदे हलायला लागतात. सर छताकडे बघतात. परवा मलाच इतकं हसू फुटलं की मुलांनी मला बाहेर काढलं. हसणं म्हणजे बोलणंच, असं त्यांनी मतदान घेऊन ठरवलं.

ज्या दिवशी खुराडं अंगणात न्यायचं त्याच दिवशी तू इथे असशील. ये, भिंतीशी तुझी खुर्ची ठेवते. पण ताई, हात जोडून सांगते, दाराबद्दल अवाक्षर काढू नकोस. ही चूक त्यांची त्यांना सापडू दे.

तुझ्या येण्याकडे डोळे आणि तुझ्या तोंडाकडे लक्ष लावून बसलेली,
धाकटी


३० ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ. मी तीस वर्षं शिकवलं आहे. कुठे बोलावं आणि कुठे नाही हे मला तू शिकवू नयेस. एक शब्द काढणार नाही. गुडघा आता जिने चढतो. पोळीचा व्यास किती निघाला?

शब्दाची पक्की,
ताई


२६ सप्टेंबर

चि. लेकीस,

अ. उ. आ. जावयांनाही सांग. तुमच्या तिकडे थंडी सुरू झाली असेल, गरम कपडे घालत जा.

तुझ्या लेकीला घ्यायला गेले होते आणि एकटीच परत आले. दचकू नकोस, सगळं ठीक आहे. पण तिला तू माझ्या स्वाधीन करून गेलीस, तेव्हा असं का झालं ते तुला सांगायला हवं.

खुराडं बाहेर काढायच्या दिवशी मी वर्गात भिंतीशी बसले होते, हाताची घडी, तोंडावर बोट. माझ्या एका बाजूला धाकटी आणि दुसऱ्या बाजूला खेळाचे सर. खुराडं वर्गभर पसरलेलं आणि भिंगरी आत शिरून शेवटचा खिळा ठोकत होती. हातोडी तिच्या हातात, अगं. आम्ही तिला घरी पेन्सिलचं शार्पनरसुद्धा देत नाही. तरी मी गप्प होते. मग मुलांनी एक दोन तीन करून ते उचललं आणि निघाली दाराकडे. भिंगरी पुढे, उलटी चालत. तिची बोटं खुराडं आणि चौकट यांच्यामध्ये येणार हे मला दिसलं आणि मी ओरडले, अगं बोटं सांभाळ, जाणार नाही ते, दार लहान आहे.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. धाकटीने डोळे मिटून घेतले. भिंगरीने बोटं केव्हाच काढली होती. तिने खुराडं खाली ठेवायला लावलं, माझ्यापाशी आली, आणि आजी, नियम सगळ्यांना सारखा आहे, असं म्हणून माझा हात धरून मला बाहेर नेऊन उभं केलं. हात मात्र अगदी हळू धरला होता. माझ्या अख्ख्या शाळेच्या काळात, विद्यार्थिनी म्हणून काय आणि बाई म्हणून काय, मला कोणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. ते माझ्या नातीने केलं.

आत भांडण जुंपलं. कोणी म्हणालं टेपवालीची चूक, कोणी म्हणालं लांबी तू सांगितलीस. कोणीतरी म्हणालं करवतीने दोन तुकडे करू, तर एक मुलगी रडायलाच लागली. भिंगरीचा आवाज मला ऐकू येत नव्हता. मला वाटलं, झालं, आता मुळूमुळू रडत असेल. बाहेर उभी राहून मी पदराचा चोळामोळा करत होते.

तेवढ्यात ती बाहेर आली. डोळे लाल होते. मी दोन्ही हात पसरले. ती थेट माझ्याकडे आली, माझ्या खांद्यामागे बघत राहिली, आणि म्हणाली, आजी जरा बाजूला हो.

मी झाले. माझ्या मागे वेळापत्रकाचा फलक टांगलेली एक हिरवी फळी होती, दाराला लागून. सगळे तिला भिंतच समजायचे, धाकटीसुद्धा. तिच्या कडेला रंगाखाली फुगवटे होते. भिंगरीने त्यावरून बोट फिरवलं आणि आत पळाली. या बिजागऱ्या आहेत, असं ती ओरडून सांगत होती, हे दुसरं दार आहे, आपलं दार अर्धंच उघडतं. मग जी धांदल उडाली ती काय सांगू. मुलं बाकांवर चढली. चमच्यांनी, पट्ट्यांनी, नखांनी कडीवरचा रंग खरवडायला लागली. खेळाचे सर भिंतीशी बसून हात काखेत दाबून धरत होते, नाहीतर उठून त्यांनी एका झटक्यात कडी काढली असती. मराठीच्या बाई बोटाआडून काहीतरी पुटपुटल्या आणि आपण होऊन बाहेर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

कडी निघाली. ते दार कुरकुरत उघडलं तशी कित्येक वर्षांची धूळ आम्हा दोघींच्या डोक्यावर पडली. खुराडं आमच्या समोरून बाहेर गेलं, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून. एक कोंबडी अंगणातून उलट वर्गात शिरली आणि धाकटीच्या मांडीवर जाऊन बसली. मुख्याध्यापिका तोंडावर बोट ठेवून कोंबडीकडे बघते आहे, असं ते चित्र. मी इतकी हसले की सरांनी मला बसायला खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी मी तिची बॅग काढली. भिंगरी पलंगावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती, जरा वेळ लागतो पण बांधते. म्हणाली, आजी तुझ्याशी बोलायचंय. मग तिने सांगितलं की तिला वर्ष संपेपर्यंत इथेच राहायचं आहे. तू रडशील का, असंही विचारलं. मी म्हटलं, थोडी. ती म्हणाली, चालेल. दुसरं तिकीट तिने स्वतः स्टेशनवर जाऊन खिडकीवर रद्द करून आणलं, धाकटी लांब उभी होती. गाडीत मला खिडकीशी बसवून दिलं आणि शेजारच्या बाईंना बजावलं की हिला उतरताना हात देऊ नका, गुडघा नवा आहे, ती उतरते.

म्हणून राहू दे तिला तिथेच. तुला पटत नसेल तर तिलाच लिही, मला नको. ती ठरवते आता. आज सकाळी मी सवयीने दोन कप दूध गरम केलं, दोन्ही गाळलं. मग दोन्ही मीच प्यायले. छान लागलं.

तुझ्यावर आणि तुझ्या लेकीवर सारखाच जीव असलेली,
आई