एक तरी जुळायला हवा होता

माझ्या धाकटीला, दादाचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

मी खुशाल आहे, जेवतोही वेळेवर. तुझी कंबर कशी आहे?

आमचं काम तुला अंड्यावरून सांगतो. काही जड अणूंचं केंद्र अंड्यासारखं लांबट असतं. दुसरं केंद्र त्याच्या टोकाला आदळलं, तर दोन्ही क्षणभर चिकटून फुटतात. कुशीला भिडलं, तर एकजीव होऊन नवा अणू जुळायची थोडी तरी आशा. वर्षभर नुसते तुकडेच हाती आले.

म्हणून मी खुळ्यासारखा, ज्यावर मारा होतो ती धातूची चकती केसभर तिरकी बसवत होतो, केंद्रांची कूस समोर यावी म्हणून. काल आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना सांगितलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "काका, चकती वळली तरी आतलं प्रत्येक केंद्र वाटेल तिकडे तोंड करून असतं. नेम धरताच येत नाही हो."

शुक्रवारी हे अणू आदळवणारं यंत्र कायमचं बंद होतंय.

एक तरी जुळला की घरी येतो, असं आईला म्हणालो होतो. आता तसाच येतोय. ती कुणालाच ओळखत नाही, असं तू लिहितेस. कोणत्या कुशीवर निजते तेवढं कळव. मी त्या बाजूला बसेन. ओळखेल असं नाही, तरी.

तुझाच,
दादा