दोनदा म्हणायचा धडा

आणि अप्पा, अर्थ विचारला म्हणून मला तिण्णैवरून उठवलंत, ते चूकच होतं. तेव्हाही मनात म्हणालो, आजही म्हणतो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली तरी हे भांडण मिटत नाही, आणि काल तर ते इथे, तंजावूरपासून तीन दिवसांच्या आगगाडीवर, धरणाच्या कामावर, माझ्यापुढे पुन्हा येऊन बसलं.

आठवा, सकाळचे सात. यात्रेकरूंच्या छत्रातल्या कारकुनीची बस गाठण्याआधी तुम्ही दाराबाहेरच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, पोरांना इंग्रजी शिकवता. शिकवता म्हणजे संथा देता, वेदाची द्यावी तशी. तुम्ही एकदा म्हणायचं, आम्ही दोनदा. "द फार्मर गोज टु द फील्ड." अकरा पोरं मांडी घालून डोलतात, आतून कापीचा वास येतो, आणि तुमचा आवाज पार कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत जातो. त्या दिवशी धड्यात 'फॅलो' असा शब्द आला. मी हात वर केला. पोरांसमोर मीही तुम्हाला सारच म्हणायचो. "सार, याचा अर्थ काय?" तुम्ही म्हणालात, "आधी तोंडात बसू दे. अर्थ मागून येतो." मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मागून कुणीतरी खुसफुसलं, "एन्नडा, सारलाच येत नाही की काय?" आणि सगळे हसले. तुम्ही पुस्तक मिटलंत. "ऊठ. आत जा. उद्यापासून इथे बसू नकोस." मी जो उठलो तो शाळेतूनही उठलो. पाचवी पुरी झाली नाही.

आता इथलं ऐका. मी भांडारात खिळे, दोर, फावडी वाटतो. उन्हाळ्यात हुकूम निघाला की नव्या क्रेनवर बसायचं तर इंग्रजी सूचना कळायला हव्यात. ज्याला कळणार नाहीत तो परत दगड फोडायला. मी इंग्रजीच्या मास्तरांचा मुलगा, ही बढाई मीच सगळीकडे मारून ठेवलेली. सहा जण आले. त्यांतला एक पंजाबी मिस्त्री तुमच्या वयाचा आहे, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखतो. तीन महिने मी त्यांना शिकवलं, मला येतं तेवढंच आणि तसंच. मी एकदा, त्यांनी दोनदा. तोच शेतकऱ्याचा धडा, "द फार्मर गोज टु द फील्ड." मिस्त्रीने एकदा विचारलं, "मास्टरजी, याचा अर्थ?" आणि अप्पा, माझ्या तोंडून तुमचा आवाज आला. आधी तोंडात बसू दे.

काल परीक्षा झाली. गोऱ्या साहेबाने मिस्त्रीला नाव विचारलं. मिस्त्रीने नाव दोनदा सांगितलं. साहेब हसला. मग क्रेनवरच्या लाल पाटीवर बोट ठेवून त्याने काही विचारलं. मिस्त्री तिथेच धुळीत मांडी घालून बसला, डोळे मिटले, आणि अख्खा शेतकरी म्हणून दाखवला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. एक शब्द चुकला नाही. पुढच्या पाचांनी तेच केलं. साहेबाचं हसू केव्हाच गेलं होतं. "कुणी शिकवलं?" असं दुभाष्याने विचारलं, तर सहाही जणांनी मोठ्या आदराने माझ्याकडे हात केले. एका महिन्याची मुदत मिळाली आहे. त्यानंतर दगड. मिस्त्रीच्या छातीत आताच घरघर वाजते, दगडाच्या धुळीत तो वर्षभरही काढणार नाही. मी काय करू, अप्पा? कुणाला विचारू? मला त्या शेतकऱ्यापलीकडे काहीच येत नाही.

आज दुपारच्या सुट्टीत मिस्त्री लिहायची पाटी घेऊन आला. "चला मास्टरजी." मी म्हणालो, "मला अर्थ येत नाही. कधीच येत नव्हता."

"ठाऊक आहे."

"मग इतके दिवस का येत होतास?"

"दुसरं कोण बसवून घेत होतं?" असं म्हणून त्याने पाटी पुसली आणि तो बसून राहिला.

तुम्हालाही 'मला अर्थ येत नाही' एवढंच म्हणता आलं असतं. पण मी म्हणू दिलं नाही, ते आज लिहितो. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही पोस्टमास्तरांना त्याच शब्दाचा अर्थ विचारत होता आणि त्यांनाही आला नाही, ते मी खिडकीशी उभा राहून ऐकलं होतं. सकाळी मी मुद्दाम विचारलं. तीनदा. महिन्याभरात अकरांची चार पोरं उरली, आणि चौघांसाठीही तुम्ही तेवढ्याच मोठ्याने म्हणत राहिलात.

ही मराठी अक्षरं तुम्हीच मला पाटीवर काढून दिलीत. आता घरात ती कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून हा कागद कुठे जायचा नाही. आईला दरमहा पंचवीस जातात. या खेपेला सात रुपये मद्रासच्या पुस्तकवाल्याला पाठवतोय, शब्दकोशासाठी. पहिला शब्द कुठला बघणार ते तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या मनीऑर्डरवर तमिळमध्ये 'मी बरा आहे' एवढंच लिहिलंय, कमी का ते लिहिलेलं नाही. अठरा रुपये.