वयोगटानुसार खेळ: माझी योजना

सोमवार, ४ एप्रिल
इमारतीच्या आवारात तीन ते तेरा वयाची अकरा मुलं एकत्र खेळतात. नुसता गोंधळ. आमची पाच वर्षांची चिमणी दारातूनच परत फिरते. फिरणारच! मोठ्यांच्या पायाखाली यायची. उपाय शास्त्रीय हवा: वयानुसार तीन गट. रंगीत फिती आणल्या. बायको म्हणाली, मुलं खेळतायत ना, तू कशाला नाक खुपसतोस? दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

मंगळवार, ५ एप्रिल, सायं. ६
शिट्टी मारली. लाल गट: चिमणी आणि तळमजल्यावरची जुळी. जुळ्यांनी एकमेकांना चावलं. चिमणी रडली. निळ्या गटात, म्हणजे अकराच्या पुढे, एकच मुलगी. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. तिने विचारलं, काका, एकटीने लपाछपी कशी खेळू? म्हटलं, स्वावलंबन शिकशील. सुरुवात समाधानकारक.

गुरुवार, ७ एप्रिल
लाल गटाला बुटाची नाडी बांधायचा धडा, आकृतीसह. आकृती उत्तम जमली. नाडी कोणालाच जमली नाही. मधल्या, हिरव्या गटात मारामारी. आधी म्हणे कॅप्टन सोडवायची. पण आता दुसऱ्या गटात शिरायचं नाही, असा माझाच नियम. म्हणून मी शिरलो. चष्म्याची काडी तुटली.

शनिवार, ९ एप्रिल
लांब उडी करून दाखवली. पाय मुरगळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात कशाला? चार दिवस घरी. हरकत नाही. शिस्त एव्हाना मुलांच्या अंगवळणी पडली असेल.

सोमवार, ११ एप्रिल
खिडकीतून पाहिलं. तिन्ही रंगांच्या फितींची शेपटं लावून सगळे एकमेकांच्या मागे! ओरडणारच होतो. तेवढ्यात चिमणी दिसली. खाली. कॅप्टन गुडघ्यावर बसून तिची नाडी बांधत होती, सावकाश, दोनदा. तिसऱ्यांदा चिमणीने स्वतः बांधली. मग लगेच एका जुळ्याला शिकवायला बसली. साफ चुकीचं शिकवलं. पण तो चावला नाही.
दुखऱ्या पायावर किती वेळ उभा होतो, कोण जाणे.
बायकोला म्हटलं, पाया माझाच. तिने पायाला लेप लावायला घेतला. पटलं असावं.

बुधवार, १३ एप्रिल, सायं. ७
लंगडत खाली गेलो. मला घेता का, विचारलं. निव्वळ देखरेखीसाठी. मुलांनी घोळका करून बरीच कुजबुज केली. निकाल चिमणीने सांगितला: बाबा लिंबूटिंबू. आउट झाले तरी आउट नाहीत.
पाऊण तास जीव तोडून पळालो.
मागे कोणीच नव्हतं.