शेरवा घेऊ का, आक्का?

कडा, मंगळवार

चि. रघू,

कांबळं एक. पितळी तांब्या एक. लोकरी मोजे एक जोड, त्यातला एक रफू केलेला. तुळशीची माळ, दोरा कापलेली. आणि मी तुला पाठवलेलं पत्र, न फोडलेलं. एवढं काल दुपारी घरी पोचलं. तुझ्या रिसाल्यातले नेकनूरचे हुसेनभाई पायानं अधू होऊन परत आलेत, त्यांनी स्वतः आणून दिलं. छकड्याचं भाडं निजामी हाली तीन रुपये पडलं त्यांना. मी पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. "आक्का, त्याच्या तांब्यातनं पाणी पेलोय मी," म्हणाले.

गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? सासूबाई आत्ताच तसं म्हणून गेल्या. पण तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून वेळेवर गेलं नाही, आणि आता मलाच तुला एक विचारायचं आहे. परवा तुझा दिवस घालायचा. त्याआधी मला कळायला हवं. सकाळपासून किती वेळा उठले, किती वेळा बसले! चुलीवर दूध ठेवलेलं, तेही उतू गेलं.

लढाईवरून, बसऱ्याच्या छावणीतून येणारी तुझी पत्रं किती मजेची असायची रे! राहुटीत वारा शिरला की कणकेत निम्मी रेती, म्हणून सगळे भाकरी न चावता गिळतात. उंटावरून पखालीनं येणारं पाणी ऊन ऊन. तुझी घोडी रुसली की खजूर दाखवल्याशिवाय पाऊल उचलत नाही. मी ती पत्रं सासूबाईंना वाचून दाखवी आणि त्या म्हणत, "घोडी न्हाई ती, आमची थोरली नणंदच हाय!" बसरा कुठं आहे हे त्यांना ठाऊक नाही. नगरच्या पलीकडे कुठंतरी, एवढंच.

मग ते पत्र आलं. अक्षर वाकडं, ओळी खाली घसरलेल्या. ताप उतरला, पण अंगात रक्त राहिलं नाही, दवाखान्याच्या राहुटीत पडून आहे. डॉक्टर रोज मटणाचा शेरवा घ्या म्हणतो. "आक्का, माळ तू घातलीस, म्हणून तुला विचारतो. घेऊ का?"

मीच घातली होती. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा. जत्रेत शेजाऱ्यांच्या पंगतीत नळी चोखताना मी तुला पकडलं होतं, आठवतं? रस्सा कोपरापर्यंत ओघळलेला आणि चेहऱ्यावर केवढा आनंद! मी कान धरून घरी आणलं आणि पुढच्या एकादशीला माळ घातली. तू रडला नाहीस. नुसतं विचारलंस, "कायमची?" मी हो म्हटलं.

सासूबाईंना अक्षर ओळखता येत नाही. पण तुझं पत्र ऐकताच म्हणाल्या, "आगं, लिव की घे म्हणून! इचार कसला करायलीस? जीव ऱ्हायला तर माळ उद्या बी घालता येती."

आणि मी? मी चार बुकं शिकलेली! मी विठ्ठलापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीत 'घे', एकीत 'नको'. एकादशीचा दिवस धरून टाकल्या. 'नको' निघाली. मन मानेना, म्हणून पुढच्या एकादशीला पुन्हा टाकल्या. पुन्हा 'नको'. तिसऱ्या एकादशीला 'घे' आली तेव्हा कुठं मी कागद हाती घेतला. एक महिना, रघू! देवाकडून मला हवं ते उत्तर येईपर्यंत मी महिनाभर थांबले. मग पहिल्याच दिवशी माझ्या मनानं का नाही लिहिलं? देवाच्या आड का लपले?

तुझं पण चुकलंच. एवढा मोठा स्वार तू, बंदूक चालवणारा. घ्यायचा होता शेरवा! बरं होऊन आल्यावर सांगायचं होतं. मी दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी तुझ्या आवडीची धपाटी केली असती. कशाला विचारलंस मला?

हुसेनभाईंनाही मी काल हेच विचारलं. ते ओट्यावर खाली मान घालून बसले. "लई सांगितलं त्याला," म्हणाले. "म्हणलं, अबे बुवा, पी की! तुझी आक्का काय इथं बघाया येती व्हय? तर म्हणला, बघाया येत न्हाई, म्हणूनच तर इचारायचं."

मग त्यांना दुसऱ्या ठिकाणी हलवलं. शेवटचे आठ दिवस ते तुझ्याजवळ नव्हते. माझं पत्र तू गेल्यावर पोचलं. दवाखान्यानं गाठोडं बांधून दिलं, ते तसंच त्यांनी आणलं. माळेचा दोरा तू कापलास की मागाहून कुणी, हे त्यांना सांगता येईना. मीही दहादा उलटून पाहिलं. दोऱ्यावरून काय कळणार?

आता अडलंय ते असं. सासूबाई म्हणतात, "पानात त्याच्या आवडीचं ठिव. न्हाईतर कावळा शिवायचा न्हाई बघ. परसात दुसरी चूल मांडू, मी सांगते तसं रांध." तू शेरवा घेतला असशील, तर वाढायला काहीच हरकत नाही. पण तू माझ्या उत्तराची वाट बघत माळ पाळूनच गेला असशील, तर तुझं एवढं कष्टाचं व्रत मी तुझ्या मागे माझ्या हातानं मोडायचं का? तुझ्या पानात काय वाढू रे?

या वेळी चिठ्ठ्या टाकणार नाही. विठ्ठलापुढे सकाळी हात जोडले आणि तसं सांगून टाकलं. परवा सूर्य डोक्यावर येईपर्यंत तुझी वाट पाहीन. तोवर काही कळलं नाही, तर शेरवा मीच रांधीन. आजवर कधी शिवले नाही, तरी माझ्याच हातानं रांधीन आणि तुझ्या पानात भरपूर वाढीन. तुझी माळ मोडली असं ठरलं, तर ते पाप माझं. तू निवांत जेव.

पण आधी कळवशील तर बरं. क्षेमकुशल नको, एका शब्दानं भागेल. उलट टपाली लिही.

तुझी,
आक्का