रेतीपासून रामघाटापर्यंत

आई, काल सकाळी मी गंगा पोहून आले. पलीकडच्या रेतीवरून पाण्यात उतरले आणि रामघाटाच्या आपल्या पायरीला येऊन हात लावला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आज मी तुझ्याहून वयानं मोठी आहे. बँकेतून निवृत्त झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि तरी कालपासून घरात अशी मिरवते आहे की तुझी नात मला हसते.

तू कोकणातल्या समुद्राकाठच्या गावातून लग्न होऊन काशीला आलीस, आणि नदी पाहून पहिल्याच दिवशी म्हणालीस, "हिला लाटाच नाहीत." आत्या हे सांगून किती हसायच्या. मला आठवतं ते आपलं गल्लीतलं काळोखं स्वयंपाकघर. तू पोळ्या लाटते आहेस आणि मला तुझे किनारे सांगते आहेस. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला कधी जायचं नाही, पाणी पायाखालची वाळू काढून माणसाला बाहेर ओढतं. देवळामागची लाट सगळ्यांत देखणी, पण खाली खडक आहेत, ती नुसती बघायची. गावासमोरच्या पुळणीवर मात्र भरती अर्धी चढली की लाट लांबून सरळ येते, आणि तुम्ही भावंडं जुन्या फळ्या पोटाखाली घेऊन तिच्याबरोबर थेट वाळूपर्यंत जाता. "लाट जवळ आली की वळून बघायचं नाही," पिठाचा हात हवेत धरून तू सांगतेस, "पाय मारत सुटायचं. ती आपणहून उचलते."

मग हाच डोळा तू नदीला लावलास. भोसले घाटाला पायरी संपली की एकदम खोल, तिथं शिकायचं नाही. मणिकर्णिकेसमोर चितेच्या लाकडांच्या नावा आणि त्यांचे दोर, तिथून लांब राहायचं. रामघाटाला बांधलेल्या नावांच्या आड पाणी थबकतं, ते आपलं. सावनात पाणी चढलं की कुठंच नाही. होळीनंतर धार मंदावते, पाणी निवळतं, तेव्हा सगळी नदी आपली. उजाडता उजाडता तू मला घेऊन उतरायचीस, नऊवारीचा काचा घट्ट मारून, आणि माझ्या पोटाखाली हात धरून मला तरंगवायचीस. मी स्वतः चार हात मारले की तू सुटायचीस ते धारेच्या कडेपर्यंत, आणि तिथून रेतीकडे बघत राहायचीस. "एकदा तिकडून इकडे यायचं आहे मला," म्हणायचीस.

आजोबांच्या कानावर हे गेलंच. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. पूजेतून उठलेले, कपाळावर गंध ओलं. "पुरोहिताच्या घरची सून घाटावर हातपाय मारते. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला पोहता येतं," तू म्हणालीस.

मी पिठाच्या डब्याआड बसले होते. आजोबा ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून तू पाण्यात पोहायचं नाहीस. शब्द दे मला." तू लाटणं खाली ठेवलंस, पदर सारखा केलास आणि शब्द दिलास. दुसऱ्या दिवशी उजाडताच मला उठवलंस. मी म्हटलं, आजोबांना शब्द दिलायस ना? तर तू म्हणालीस, "माझा दिलाय. तुझा कुठं दिलाय?" त्यानंतर तू कायम पायरीवर. गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडायचीस, "जायचंय तिथं बघू नकोस! त्याच्या वर बघ, धार तुला खाली आणेल!" आणि आजोबा वरच्या ओट्यावर जपाची माळ ओढत बसायचे, आणि मी पाण्याबाहेर आले की उठून जायचे. आता वाटतं, ते माझ्यावर लक्ष ठेवून असायचे.

गेल्या महिन्यात तुझ्या नातीनं मोबाइलवर तुझं गाव दाखवलं. तुमच्या पुळणीवर आता मुली रंगीत फळ्यांवर चक्क उभ्या राहून लाटेवरून येतात. कुठल्या किनाऱ्याला कुठल्या भरतीत जायचं, कुठं खडक, सगळं लिहिलेलं. ती म्हणाली, "आई, चल ना, अपन भी चलते हैं." मी म्हटलं, जाऊ, पण आधी माझं इथलं राहिलंय. तिला वाटलं मी एखाद्या व्रताबद्दल बोलते आहे.

होळीचा रंग अजून पायऱ्यांवर होता. ओळखीच्या मल्लाहानं आम्हाला नावेतून पलीकडे, चांगलं वर, दशाश्वमेधासमोर नेऊन सोडलं. लेक नावेतच राहिली, नाव माझ्याबरोबर चालणार होती. पाणी गार होतं, रेतीकडचं पाणी उथळ, बराच वेळ नुसतं चालावंच लागलं. मग पाय सुटले. पाठीमागून सूर्य वर आला आणि समोर सगळे घाट उजळले. मी रामघाटाकडे बघितलंच नाही, मणिकर्णिकेच्या धुरावर नजर ठेवून हात मारत राहिले. मधोमध धार लागली. दंड भरून आले, दम लागला. भोसले घाटाची वाडा-भिंत सरकत पुढ्यातून गेली आणि मला वाटलं, आता आपला घाटही असाच निघून जाणार. "चाची, आ जाइए नाव में," मल्लाह म्हणाला. लेक तर रडायच्या बेतात, "आई, बस करो!" मी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

आणि तेवढ्यात मागून यात्रेकरूंची मोठी मोटरबोट गेली. आई, या नदीला आता लाटा आहेत! फटफटत गेलेल्या बोटीची लाट येताना मला ऐकू आली. मी वळून बघितलं नाही. होतं नव्हतं ते बळ पायांत आणून सुटले. तिनं मला पोटाखालून उचललं, आणि एक ढकल अशी दिली की मी बांधलेल्या नावांच्या आडच्या थबकलेल्या पाण्यात जाऊन पडले. दोन हात मारले आणि पायरी हाताला लागली. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायका "हर हर महादेव" म्हणून ओरडल्या. लेक नावेतून उडी मारून कंबरभर पाण्यात आली आणि भर घाटावर माझ्या गळ्यात पडली. मी हसत होते, इतकी की नाकातोंडात पाणी गेलं.

तिनं विचारलं, "आजीची याद आली ना?" मी हो म्हटलं. हे कागद कुठल्या टपालपेटीत पडायचे नाहीत, कुणी वाचायचं नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. पायरीवर बसले होते तेव्हा मला तू आठवली नव्हतीस. मला सडकून भूक लागली होती, आणि मी फक्त स्वतःवर खूश होते.